डायब्लो २ : नेक्रोमॅन्सरची बिल्ड कशी निवडावी

‘डायब्लो २’ या संगणकावरच्या खेळात नेक्रोमॅन्सर, म्हणजे मृतांना उठवणारा जादूगार, हे पात्र घेऊन खेळायला बसलेल्या माणसासमोर तीन शाखांमधली तीस कौशल्ये असतात आणि सुरुवातीला त्यांतले एकही सोडवत नाही. सांगाड्यांची फौज हवी असते, हाडांचे भाले हवे असतात, विषाची लाट हवी असते आणि शापही सगळेच हवे असतात. हिशेब मात्र आखडता आहे. ९९व्या लेव्हलपर्यंत पोहोचले तरी एकूण ११० स्किल पॉइंट मिळतात, त्यांपैकी ९८ पॉइंट लेव्हल वाढण्यातून आणि १२ पॉइंट क्वेस्टमधून, म्हणजे नेमून दिलेल्या मोहिमांमधून. बहुतेक पात्रे ८० ते ९० या लेव्हलच्या दरम्यान थांबतात, म्हणजे खर्चायला ९१ ते १०१ पॉइंट उरतात. एका कौशल्यात स्वतःचे जास्तीत जास्त २० पॉइंट घालता येतात. शिवाय २००३ मध्ये आलेल्या १.१० पॅचपासून (सुधारित आवृत्तीपासून) सिनर्जीची, म्हणजे एका कौशल्यातल्या पॉइंटांनी दुसरेही बळकट होण्याची, पद्धत लागू आहे, त्यामुळे मुख्य कौशल्य खऱ्या अर्थाने बळकट व्हायचे तर त्याच्या सोबतच्या दोन-चार कौशल्यांतही वीस-वीस पॉइंट ओतावे लागतात. चार ठिकाणी पॉइंट वाटून दिलेला नेक्रोमॅन्सर नॉर्मल ही पहिली डिफिकल्टी (काठिण्यपातळी) पार करतो, त्यापुढच्या नाइटमेअरमध्ये धापा टाकतो आणि शेवटच्या हेलमध्ये पहिल्याच मैदानावर अडकतो.

म्हणून बिल्ड, म्हणजे पॉइंट वाटण्याचा आराखडा, निवडण्याचे काम नॉर्मलकडे बघून करू नये, हेलकडे बघून करावे. नेक्रोमॅन्सरच्या बाबतीत त्यासाठी एकच प्रश्न पुरतो : हेलमध्ये पहिला मृतदेह कोण पाडणार? हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी आधी कॉर्प्स एक्स्प्लोजन नीट समजून घ्यावे लागते.

सर्व बिल्डचा समान पाया

कॉर्प्स एक्स्प्लोजन हे कौशल्य मृतदेह फोडते आणि आसपासच्या शत्रूंना इजा करते. ही इजा तुमच्या शस्त्रावर किंवा लेव्हलवर ठरत नाही. मेलेल्या मॉन्स्टरच्या एकूण आयुष्याच्या प्रमाणात ती ठरते. हेलमधल्या मॉन्स्टरचे आयुष्य प्रचंड असते, त्यामुळे त्याचा मृतदेहही तितक्याच ताकदीने फुटतो. बाकीची कौशल्ये डिफिकल्टीच्या मागे धावत राहतात. हे एकटे तिच्याबरोबर आपोआप वाढते. इजेचा अर्धा भाग शारीरिक आणि अर्धा आगीचा असल्यामुळे एका प्रकाराला इम्यून असलेला, म्हणजे त्याची इजाच न होणारा, शत्रूही दुसऱ्या प्रकाराने घायाळ होतो. पॉइंट वाढवल्याने स्फोटाची ताकद वाढत नाही, फक्त त्याचा घेर वाढतो, आणि ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एका पॉइंटवरही हे कौशल्य जीवघेणे असते. पुढचे पॉइंट त्याची पोच वाढवण्यासाठी असतात.

याला अँप्लिफाय डॅमेजची जोड द्यावी. हा शाप शत्रूचा शारीरिक रेझिस्टन्स (मार रोखण्याची टक्केवारी) १०० ने खाली आणतो, त्यामुळे साध्या शत्रूला शारीरिक मार जवळजवळ दुप्पट बसतो. शारीरिक इम्यून शत्रूवर त्याचा परिणाम एक-पंचमांशच होतो, तरीही काठावर असलेल्या पुष्कळ शत्रूंची इम्युनिटी त्याने मोडते. शाप टाकला, एक शत्रू पडला, त्याचा मृतदेह फोडला, त्यातून तीन पडले, ते तिघे फोडले, आणि पाहता पाहता मैदान रिकामे झाले. ही साखळी हाच या पात्राचा खरा जीव आहे.

सुदैवाने ती स्वस्त आहे. कॉर्प्स एक्स्प्लोजनच्या आधी टीथ या कौशल्यात एक पॉइंट लागतो आणि अँप्लिफाय डॅमेजला पूर्वअट नाही, म्हणजे तीन पॉइंटांत काम होते. शिवाय बोन स्पिअर (हाडाचा भाला) आणि पॉयझन एक्स्प्लोजन (विषारी स्फोट) या दोघांकडे जाणारी वाट कॉर्प्स एक्स्प्लोजनवरूनच जाते. बिल्ड कोणतीही निवडली तरी हा पाया मिळतोच. फरक पडतो तो पहिला मृतदेह मिळवण्याच्या पद्धतीत. सांगाडे तो मिळवून देतील, हाडाचा भाला मिळवून देईल किंवा विष मिळवून देईल. या तिघांपैकी एकाची निवड म्हणजेच बिल्डची निवड.

एक खबरदारी इथेच सांगून ठेवतो. थंडीच्या माऱ्याने मेलेला शत्रू पुष्कळदा फुटून चक्काचूर होतो आणि मृतदेह उरत नाही. स्वतःच्या किंवा मर्सनरीच्या (भाडोत्री साथीदाराच्या) शस्त्रावर थंडीचे डॅमेज असेल तर ही साखळी सुरू होण्याआधीच तुटते. शस्त्र कितीही आकर्षक दिसले तरी ते नेक्रोमॅन्सरच्या कामाचे नाही.

पहिली पायरी : स्वतःबद्दलचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न गिअरचा, म्हणजे शस्त्रे-चिलखते अशा साहित्याचा. तुमच्याकडे दुसऱ्या पात्राने जमवलेले साहित्य आहे की हे तुमचे पहिलेच पात्र आहे? पहिलेच असेल तर उत्तर जवळपास ठरलेले आहे : समनर, म्हणजे सांगाड्यांची फौज घेऊन लढणारा. या खेळात फार थोड्या बिल्ड अशा आहेत, ज्या साध्या, सापडेल त्या साहित्यावर हेल पूर्ण करू शकतात, आणि समनर त्यांच्यात अगदी वर येतो.

दुसरा प्रश्न हाताच्या सवयीचा. शत्रूवर नेम धरून सतत मारा करत राहणे तुम्हाला आवडते की मागे उभे राहून रणांगण हलवणे आवडते? समनरला नेम लागत नाही, पण त्याची नजर सतत चौफेर असावी लागते. बोन नेक्रोमॅन्सरला नेमही लागतो आणि पायही हलते ठेवावे लागतात. विषवाल्याला लय सांभाळावी लागते, जिच्याबद्दल पुढे येईल.

तिसरा प्रश्न, पात्र हार्डकोर आहे का? हार्डकोरमध्ये मृत्यू कायमचा असतो. तिथे शत्रू आणि तुम्ही यांच्यामध्ये आठ-दहा सांगाडे, एक गोलेम (मंत्राने उभा केलेला पुतळा) आणि एक मर्सनरी उभा असणे याची किंमत दुसऱ्या कशातही होत नाही. हार्डकोरमधला पहिला नेक्रोमॅन्सर समनरच असावा, याबाबत माझे मत पक्के आहे.

दुसरी पायरी : कणा ठरवणे

*समनर.* रेज स्केलेटनमध्ये २० आणि स्केलेटन मास्टरीमध्ये २० पॉइंट हा या बिल्डचा कणा. कौशल्याच्या तिसऱ्या लेव्हलपर्यंत प्रत्येक लेव्हलला एक सांगाडा वाढतो आणि त्यानंतर दर तीन लेव्हलना एक. म्हणजे विसाव्या लेव्हलला आठ सांगाडे, आणि साहित्यामुळे कौशल्य तिसाव्या लेव्हलला पोहोचले तर बारा. संख्येची वाढ मंद आहे हे यावरून दिसेल. पण प्रत्येक लेव्हलबरोबर सांगाड्यांचे आयुष्य आणि मारही वाढत असल्याने कौशल्ये वाढवणारे साहित्य वाया जात नाही. मास्टरीचा फायदा सांगाडे, सांगाडी जादूगार आणि रिव्हाइव्ह केलेले मॉन्स्टर या तिघांनाही होतो.

उरलेल्या पॉइंटांपैकी क्ले गोलेम, गोलेम मास्टरी आणि समन रेझिस्ट यांत एकेक घालावा. समन रेझिस्ट टाळण्याचा मोह होतो, कारण त्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. पण हेलमधली आग आणि वीज सांगाड्यांना भराभर संपवते आणि हा एक पॉइंट त्यांना उभे ठेवतो. मग तिसऱ्या पायरीत सांगितलेले शाप घ्यावेत आणि बाकी सगळे पॉइंट कॉर्प्स एक्स्प्लोजनमध्ये टाकून स्फोटाचा घेर मोठा करावा. सांगाडी जादूगारांवर वीस पॉइंट खर्च करणारे खेळाडू असतात, मी तसे सुचवणार नाही. ते पडद्यावर गर्दी करतात, त्यांच्यातले थंडीवाले मृतदेहांचा चक्काचूर करतात, आणि त्याच पॉइंटांत स्फोटाचा घेर कितीतरी रुंद होतो. एक पॉइंट देऊन ते शत्रूचा मार झेलण्यासाठी सोबत ठेवावेत.

रिव्हाइव्ह हे प्रेमात पडावे असे कौशल्य आहे. समोर मेलेला बलाढ्य मॉन्स्टर तुमच्या बाजूने उठून लढतो. पण तो तीन मिनिटांत कोसळतो, त्यामुळे फौज सतत नव्याने उभी करत राहावे लागते. एक पॉइंट ठेवून गरजेपुरता वापर करणे योग्य. वीस पॉइंट तेव्हाच द्यावेत, जेव्हा बाकी सगळे भरून झाले असेल.

समनरच्या अडचणीही स्पष्ट सांगायला हव्यात. दुसऱ्या अॅक्टमधले (कथेच्या भागातले) मॅगट लेअर हे एका माणसापुरत्या रुंदीच्या बोगद्यांचे जाळे आहे. तिथे फौज रांगेत अडकते आणि पुढचा एकच सांगाडा लढतो. अशा जागी गोलेम नेमक्या ठिकाणी नव्याने उभा करणे आणि पहिल्या मृतदेहापासून स्फोट सुरू करणे हाच मार्ग उरतो. दुसरी अडचण म्हणजे गेममधून बाहेर पडल्यावर सांगाड्यांची फौज नाहीशी होते. पुन्हा आल्यावर थेट हेलच्या अवघड भागात जाऊ नये. सोप्या परिसरात मर्सनरी आणि गोलेम यांच्या जोरावर काही शत्रू पाडावेत, फौज उभारावी आणि मग वेपॉइंटने, म्हणजे झटक्यात दूर नेणाऱ्या थांब्यावरून, पुढे जावे.

*बोन.* बोन स्पिअर सरळ रेषेत जातो, वाटेतल्या सगळ्यांना भेदतो आणि त्याचे डॅमेज जादुई असते. हेलमध्ये आग, थंडी, वीज आणि विष यांना इम्यून असणारे शत्रू पदोपदी भेटतात, त्या मानाने जादुई डॅमेजला इम्यून असणारे कमी आहेत. हे या बिल्डचे सर्वांत मोठे बळ. बोन स्पिअर, बोन स्पिरिट, बोन वॉल आणि बोन प्रिझन यांत वीस-वीस म्हणजे ८० पॉइंट जातात आणि टीथ ही त्याची आणखी एक सिनर्जी आहे. पॉइंटांचा एवढा मोठा घास गेल्यावर शापांसाठी थोडेच उरते आणि सांगाड्यांचा विचारच सोडावा लागतो. बोन वॉल आणि बोन प्रिझन प्रत्यक्ष लढाईत फारसे वापरले नाहीत तरी ते फुकट जात नाहीत, कारण त्यांच्यामुळे बोन आर्मरही बळकट होतो. शारीरिक मार शोषणारा हा कवच-मंत्र म्हणजे एकट्या लढणाऱ्या बोन नेक्रोमॅन्सरचा मुख्य आधार. लढाईत तो वारंवार नव्याने टाकण्याची सवय लावून घ्यावी.

इथे पहिला मृतदेह भाला पाडतो, पुढचे काम पुन्हा स्फोटाचेच. अनेक बोन नेक्रोमॅन्सर भालेच फेकत राहतात आणि पायाशी पडलेल्या मृतदेहांकडे बघतही नाहीत, तेव्हा मला खरोखर हळहळ वाटते. दोन भाले आणि तीन स्फोट यांत जे काम होते, त्याला नुसते भाले पंधरा लागतात. ही बिल्ड माना (मंत्रशक्ती) भराभर पिते, म्हणून मर्सनरीकडे माना भरून काढणारे इनसाइट हे शस्त्र असणे जवळपास अनिवार्य समजावे.

*विष.* पॉयझन नोव्हा तिसाव्या लेव्हलला मिळते. ती नेक्रोमॅन्सरभोवती सर्व दिशांना विष फेकते, नेम धरायची गरज पडत नाही आणि दाट गर्दीत तिच्यासारखे काही नाही. पॉयझन एक्स्प्लोजन आणि पॉयझन डॅगर या तिच्या सिनर्जी. तिन्ही मिळून ६० पॉइंट होतात, म्हणजे बोनपेक्षा बरेच कमी. उरलेल्या पॉइंटांत कॉर्प्स एक्स्प्लोजनचा घेर वाढवता येतो किंवा थोडे सांगाडे आडोशाला उभे करता येतात.

मघाशी जी लय म्हटली ती अशी. नोव्हाच्या विषाचा परिणाम दोन सेकंद टिकतो आणि तेच विष पुन्हा टाकले म्हणून मार एकावर एक चढत नाही. घाईघाईने पाच वेळा नोव्हा टाकणारा खेळाडू स्वतःचा माना जाळतो, शत्रूचे नुकसान तेवढ्याने वाढत नाही. आधी लोअर रेझिस्टचा शाप, मग एक नोव्हा, मग दोन पावले मागे, आणि पहिला शत्रू पडताच स्फोट, असा क्रम हातात बसला की ही बिल्ड अतिशय सुरेख चालते. लोअर रेझिस्टपर्यंत पोहोचायला शापांच्या शाखेत एकूण सात पॉइंट लागतात : अँप्लिफाय डॅमेज, वीकन, आयर्न मेडन, टेरर, लाइफ टॅप, डिक्रेपिफाय आणि शेवटी तो स्वतः. विषबिल्डमध्ये हा खर्च वैकल्पिक मानू नये.

विषाची अडचण म्हणजे इम्यून शत्रू. शेवटचा बॉस बाल (Baal) याच्या सिंहासनाच्या दालनात दुसऱ्या लाटेत येणारा अॅकमेल आणि त्याचे ममी साथीदार याचे ठळक उदाहरण. शत्रूचा विष-रेझिस्टन्स कमी करणाऱ्या साहित्याने इम्युनिटी मोडत नाही, ते काम फक्त शाप करू शकतो आणि तोही एक-पंचमांश ताकदीने. शापाने इम्युनिटी मोडली की मग साहित्य आपला वाटा उचलते. जिथे शापही अपुरा पडतो, तिथे मर्सनरी आणि अँप्लिफाय डॅमेज यांच्या जोरावर एक मृतदेह मिळवून बाकीच्यांना स्फोटाने संपवावे.

या तिघांखेरीज पॉयझन डॅगर घेऊन जवळून लढणारा नेक्रोमॅन्सर, गोलेमवर सारे काही लावणारा नेक्रोमॅन्सर अशाही बिल्ड आहेत. त्या ज्याला या पात्राचा कानाकोपरा माहीत झाला आहे त्याच्यासाठी आहेत. पहिल्या फेरीत त्यांच्याकडे वळू नये.

तिसरी पायरी : शापांची निवड

एका शत्रूवर एका वेळी एकच शाप राहतो, आणि नेक्रोमॅन्सरचे कौशल्य खरे दिसते ते इथेच. समनरच्या हातात चार शाप असावेत. अँप्लिफाय डॅमेज रोजच्या लढाईसाठी. डिम व्हिजन दूरून मारा करणाऱ्यांसाठी. धनुर्धारी किंवा वीज फेकणारे आत्मे दिसले की आधी त्यांना आंधळे करावे आणि मग फौज पुढे सरकू द्यावी. मात्र हा शाप नावाच्या बॉसवर आणि विशेष मॉन्स्टरवर चालत नाही, याचे भान ठेवावे. डिक्रेपिफाय मोठ्या बॉससाठी : तो शत्रूचा वेग, मार आणि शारीरिक रेझिस्टन्स तिन्ही कमी करतो. क्ले गोलेमच्या फटक्यानेही शत्रू मंदावतो, त्यामुळे डिक्रेपिफाय आणि क्ले गोलेम एकत्र आले की सर्वांत भयंकर बॉसदेखील चिखलात रुतल्यासारखा हलतो. डिक्रेपिफायसाठी अँप्लिफाय, वीकन आणि टेरर धरून चार पॉइंट लागतात आणि ते खुशाल द्यावेत. चौथा अॅट्रॅक्ट, तो एका शत्रूला बाकीच्यांचे लक्ष्य बनवतो. डिम व्हिजन आणि कन्फ्यूज यांच्यामागून तो मिळतो. गर्दीला एका जागी ओढून आणायचे आणि तिथेच स्फोट करायचा, यासाठी त्याच्याइतका उपयुक्त शाप नाही, पण पॉइंट कमी पडत असतील तर तो सोडला तरी चालेल.

लाइफ टॅपचा उल्लेख मुद्दाम करतो. शापित शत्रूला मारणाऱ्याला दिलेल्या माराच्या निम्मे आयुष्य परत मिळते. मर्सनरी एखाद्या बॉससमोर कोसळत असेल तर डिक्रेपिफायऐवजी लाइफ टॅप टाकून पाहावा.

चौथी पायरी : लेव्हलनुसार वाटचाल

बिल्ड शेवटी कोणतीही ठरलेली असो, नॉर्मल डिफिकल्टी समनर म्हणूनच पार करावी असा माझा आग्रह आहे. सुरुवातीच्या वाँडवरच (जादूच्या छडीवरच) रेज स्केलेटनचा एक पॉइंट असतो, त्यामुळे पहिल्या शत्रूपासून फौज उभी राहू लागते. बोन स्पिअर १८व्या लेव्हलला मिळतो खरा, पण सिनर्जीविना त्याचा मार तोकडा असतो. पॉयझन नोव्हा तर तिसाव्या लेव्हलआधी नसतेच.

पहिल्या काही लेव्हलमध्ये रेज स्केलेटन आणि स्केलेटन मास्टरी यांना आळीपाळीने पॉइंट द्यावेत आणि अँप्लिफाय डॅमेज लवकर घ्यावे. सहाव्या लेव्हलला क्ले गोलेम आणि कॉर्प्स एक्स्प्लोजन, बाराव्या लेव्हलला गोलेम मास्टरी, चोविसाव्या लेव्हलला समन रेझिस्ट आणि डिक्रेपिफाय. तिसाव्या लेव्हलपर्यंत, नॉर्मलमधल्या तिन्ही क्वेस्टचे चार पॉइंट धरून, हाती ३३ पॉइंट येतात. डेन ऑफ इव्हिलचा एक, रॅडामेंटचा एक आणि इझुअलचे दोन असे ते चार. शापांचे पाच (डिक्रेपिफायपर्यंतचे चार आणि डिम व्हिजन), टीथ आणि कॉर्प्स एक्स्प्लोजन यांचे दोन, गोलेम आणि रेझिस्टचे तीन असे दहा वजा केले तर सांगाडे आणि मास्टरी यांच्यासाठी २३ उरतात. नॉर्मल पूर्ण करायला एवढे पुरेसे होते.

दुसऱ्या अॅक्टच्या शेवटी येणारा ड्युरिएल अनेकांचा पहिला मोठा अडथळा ठरतो. त्याचे दालन अरुंद आहे, तिथे सांगाडे उभे करायला मृतदेह नसतात आणि सामान्यतः तिथे पोहोचेपर्यंत चोविसावी लेव्हल गाठलेली नसते, त्यामुळे डिक्रेपिफायही हाती नसतो. आत जाताना फौज पूर्ण भरलेली असावी, पट्ट्यात मानाच्या बाटल्या असाव्यात आणि सांगाडे संपले तरी घाबरू नये. क्ले गोलेम पडला की पुन्हा उभा करायचा, पडला की पुन्हा. प्रत्येक गोलेम त्याला मंद करतो आणि तेवढ्यात मर्सनरी मारत राहतो.

नाइटमेअरमध्ये पाऊल टाकल्यावर, ४० ते ४५ लेव्हलच्या दरम्यान, बोन किंवा विषाकडे वळायचे असेल तर वळावे. २०१० च्या १.१३ पॅचपासून प्रत्येक डिफिकल्टीत डेन ऑफ इव्हिल पूर्ण केल्यावर पहिल्या छावणीतल्या अकाराकडून एकदा सर्व पॉइंट मोकळे करून घेता येतात, म्हणजे एकूण तीन संधी. नॉर्मलची संधी नॉर्मलमध्येच उडवू नये. ती साठून राहते.

पाचवी पायरी : आकडे आणि साहित्य

स्टॅट पॉइंटांबाबत, म्हणजे पात्राच्या मूळ गुणांत घालायच्या पॉइंटांबाबत, मतभेद फारसे नाहीत. साहित्य पेलण्यापुरती स्ट्रेंग्थ, बाकी सगळे व्हायटॅलिटीत. नेक्रोमॅन्सरला व्हायटॅलिटीच्या प्रत्येक पॉइंटमागे दोनच आयुष्य मिळते, त्यामुळे इथे काटकसर करायला जागा नाही. एनर्जीत पॉइंट घालू नयेत. मानाची उणीव इनसाइट आणि बाटल्या भरून काढतात.

मंत्र टाकण्याचा वेग पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. फास्टर कास्ट रेट शून्य असताना एका मंत्राला १५ फ्रेम लागतात, ९ टक्क्यांना १४, १८ ला १३, ३० ला १२, ४८ ला ११, ७५ ला १० आणि १२५ ला ९. खेळ सेकंदाला २५ फ्रेमने चालतो. मधले आकडे निरुपयोगी असतात : ७४ टक्के असलेला नेक्रोमॅन्सर ४८ टक्केवाल्याइतकाच वेगवान असतो. बोन बिल्डने निदान ७५ गाठावे आणि पुढे १२५ चे लक्ष्य ठेवावे. विषवाल्याला ७५ पुष्कळ झाले. समनरने आधी जीव सांभाळावा, मग वेग पाहावा.

हेलमध्ये सर्व रेझिस्टन्समधून १०० वजा होतात. नॉर्मल आणि नाइटमेअरमध्ये आन्याच्या क्वेस्टमधून मिळालेले वीस धरले तर हेलच्या सुरुवातीला ७५ ची कमाल मर्यादा गाठायला साहित्यातून १५५ लागतात आणि तिसऱ्यांदा ती क्वेस्ट केल्यावर १४५. सगळे गाठणे अवघड वाटत असेल तर आग आणि वीज यांना आधी प्राधान्य द्यावे.

साहित्याच्या बाबतीत सुरुवातीला टाल आणि एथ या रूनांचे (साहित्याच्या खाचांत बसवायच्या मंतरलेल्या दगडांचे) स्टेल्थ चिलखत पुष्कळ काळ साथ देते. त्यात २५ टक्के फास्टर कास्ट रेट आहे. शाएल आणि एथची ऱ्हाइम ढाल २५ रेझिस्टन्स देते आणि गोठण्यापासून वाचवते. बोन आणि विष या दोघांसाठी व्हाइट हा रनवर्ड (ठरलेल्या क्रमाने रूना बसवून बनणारे साहित्य) अमूल्य आहे : दोन सॉकेटच्या (खाचांच्या) वाँडमध्ये डोल आणि आयो घातले की पॉयझन आणि बोन शाखेची सर्व कौशल्ये तीनने वाढतात, आणि या दोन्ही रूना नाइटमेअरच्या हेलफोर्ज या क्वेस्टमधून मिळू शकतात. वाँडवर आधीच बोन स्पिअर किंवा पॉयझन नोव्हाचे पॉइंट असतील तर ते वेगळे मिळतात, म्हणून रनवर्ड करण्याआधी चांगले वाँड शोधण्यात वेळ घालवावा. पुढे होमंक्युलस हे नेक्रोमॅन्सरने ढालीसारखे धरायचे मुंडके, व्हायपरमॅजाय चिलखत आणि हार्लेक्विन क्रेस्ट शिरस्त्राण मिळाले तर बिल्ड कोणतीही असो, उपयोगच होतो. एनिग्मा हे रनवर्डचे चिलखत दूरचे स्वप्न आहे. पण समनरला त्याचा जो लाभ होतो तो इतरांना क्वचितच होतो, कारण त्याच्या जोरावर टेलिपोर्ट करताच (क्षणात जागा बदलताच) संपूर्ण फौज तुमच्याभोवती येऊन उभी राहते आणि मॅगट लेअरसारख्या जागांचा त्रास संपतो.

मर्सनरी दुसऱ्या अॅक्टमधलाच घ्यावा. समनरने नाइटमेअरमधून माइट ऑरावाला (सोबत्यांना बळ देणाऱ्या वलयाचा) घ्यावा, कारण ती ऑरा सांगाड्यांचाही मार वाढवते. बोन आणि विषवाल्याने त्याच्या हाती राल, टिर, टाल आणि सोल या रूनांचे चार सॉकेटचे इनसाइट पोलआर्म द्यावे. एक इशारा : द रीपर्स टोल हे शस्त्र फटक्यागणिक एक-तृतीयांश वेळा डिक्रेपिफाय टाकते. समनरला ते वरदान आहे, पण विषवाल्याने टाकलेला लोअर रेझिस्ट त्याच्यामुळे पुसला जातो.

सहावी पायरी : हेलमध्ये पडताळणी

बिल्ड जमली की नाही हे हेलच्या पहिल्या अॅक्टमध्येच तपासावे. शत्रूंची एक टोळी समोर आल्यापासून पहिला मृतदेह पडेपर्यंत किती वेळ जातो ते पाहावे. समनरला तो लांबतो आहे असे वाटले तर मास्टरी अपुरी असेल किंवा मर्सनरीचे शस्त्र जुने झाले असेल. सांगाड्यांची संख्या वाढवण्याआधी ते शस्त्र बदलावे. बोनवाल्याला लांबतो असे वाटले तर सिनर्जी अर्धवट भरलेल्या आहेत. विषवाल्याला वाटले तर लोअर रेझिस्ट वेळेवर पडतो आहे का, ते आधी बघावे. मृतदेह लवकर पडतो आहे, पण तुम्हीच वारंवार मरता आहात, असे असेल तर दोष कौशल्यांचा नाही, रेझिस्टन्सचा आहे. हेलमध्ये प्रत्येक मृत्यूबरोबर अनुभवाचे गुणही कापले जातात, त्यामुळे ही दुरुस्ती पुढे ढकलू नये.

तिसरी अकाराची संधी अशा दुरुस्तीसाठीच राखून ठेवावी. तीही संपली तर टोकन ऑफ अॅब्सोल्यूशन हा मार्ग उरतो. हेलमधल्या अॅक्टच्या प्रमुख बॉसकडून मिळणारी चार वेगवेगळी इसेन्स होरॅड्रिक क्यूबमध्ये एकत्र केली की ते टोकन तयार होते आणि ते वापरले की सर्व स्किल आणि स्टॅट पॉइंट पुन्हा हातात येतात. ही इसेन्स नियमित जमवता येणारा नेक्रोमॅन्सर तिन्ही बिल्ड एकाच पात्रावर आलटूनपालटून खेळून पाहू शकतो.